मुदत शिपायाची, मुक्काम कुटुंबाचा

जर्मनीच्या नैऋत्य भागात कायझर्सलाउटर्न नावाचे शहर आहे. लोकवस्ती साधारण एक लाख. शहराच्या पश्चिमेला रामस्टाइन हा अमेरिकी हवाई दलाचा मोठा तळ, जवळच लांडश्टूलचे लष्करी रुग्णालय आणि भोवताली जंगलात विखुरलेल्या छावण्या. या परिसरात सैनिक, त्यांची बायकामुले आणि मुलकी कर्मचारी मिळून पन्नास हजारांहून अधिक अमेरिकी माणसे राहतात. अमेरिकेबाहेर एवढी मोठी अमेरिकी लष्करी वस्ती दुसरी नाही.

पतीच्या नोकरीमुळे मी अकरा वर्षांपासून इथल्या एका खेड्यात राहते. आमच्या शेजारचे घर त्याच्या जर्मन मालकाने नेहमी अमेरिकी कुटुंबांनाच भाड्याने दिले आहे. लष्कराकडून घरभाडे भत्ता मिळत असल्याने भाडे कधी थकत नाही, असा त्याचा हिशेब. अकरा वर्षांत त्या घरात चार कुटुंबे राहून गेली. दर तीन वर्षांनी उन्हाळ्यात गल्लीत ट्रक उभा राहतो, अंगणात प्लायवूडची खोकी लागतात, मुले सायकली कुणाला तरी देऊन टाकतात आणि घर रिकामे होते. दोन महिन्यांनी दुसरा ट्रक येतो.

हे पाहताना मला आमच्या घरातल्या काळ्या पत्र्याच्या ट्रंका आठवतात. त्यांवर पांढऱ्या रंगात वडिलांचे नाव, नंबर आणि युनिट लिहिलेले असे. वडील भारतीय लष्करात सिग्नल्समध्ये होते. गाव सातारा जिल्ह्यातले, पण माझे शिक्षण पाच राज्यांतल्या सात शाळांत झाले. त्यामुळे अमेरिकी लष्करात सध्या चाललेली एक चर्चा मी गेली दोन वर्षे शक्य तितकी वाचत आणि ऐकत आले आहे. परदेशी नेमणुकीवरच्या कुटुंबांनी तिथे अधिक काळ राहावे, यासाठी काय करता येईल, हा तिचा विषय. वरवर तो पगारपत्रकाचा वाटतो. खोलात गेल्यावर लक्षात येते, की मुदत शिपायाची मोजली जाते, पण राहायचे की नाही हे घरात ठरते. आणि लष्कराच्या बहुतेक सवलती घराकडे न बघता शिपायाकडे बघून आखलेल्या आहेत.

तीन वर्षांचे गणित

अमेरिकी लष्करात परदेशी नेमणुकीला 'टूर' म्हणतात. प्रत्येक देशासाठी, कधी एकेका तळासाठी, टूरची लांबी ठरलेली असते. जर्मनीत आणि जपानमध्ये कुटुंबासह आलेल्याला ३६ महिने, एकट्या आलेल्याला २४. हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियाला कुटुंब नेताच येत नाही. तिथली मुदत १२ महिने. कोरियात एकट्याची टूर बराच काळ वर्षाची राहिली आहे. एकंदर तत्त्व असे, की जागा जितकी गैरसोयीची तितकी मुदत कमी, आणि कुटुंब सोबत असेल तर मुदत जास्त.

माणसांची संख्याही मोठी आहे. जर्मनीत साधारण ३५ हजार, जपानमध्ये ५५ हजारांच्या आसपास आणि दक्षिण कोरियात २८,५०० अमेरिकी सैनिक असतात. देशातल्या आणि परदेशातल्या मिळून दरवर्षी सुमारे चार लाख बदल्या होतात. परदेशी बदली म्हणजे विमानाची तिकिटे, हुद्द्यानुसार ठरलेल्या वजनापर्यंतचे घरसामान, एक मोटार, आणि घर मिळेपर्यंत हॉटेलात राहण्याचा खर्च. एवढे करून माणूस नव्या जागी पोहोचतो, सहा महिन्यांत काम शिकतो, शेवटच्या सहा महिन्यांत निघण्याची तयारी करतो. कामाला पुरता बसलेला असा तो मध्ये दोनच वर्षे मिळतो.

मे २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने तिन्ही दलांना एक लेखी आदेश दिला. बदल्यांवर वर्षाला सुमारे पाच अब्ज डॉलर खर्च होतात, आणि त्यांतल्या जवळजवळ ८० टक्के बदल्या अशा आहेत की त्या करायच्या की नाही हे ठरवणे लष्कराच्या हातात आहे, असे त्यात म्हटले होते. हा ऐच्छिक बदल्यांचा खर्च २०२७ या आर्थिक वर्षात १० टक्क्यांनी आणि पुढे टप्प्याटप्प्याने २०३० पर्यंत निम्म्याने कमी करायचा, असे उद्दिष्ट त्यात आहे. खर्चाबरोबर कुटुंबांच्या स्थैर्याचे कारणही दिलेले आहे. म्हणजे जो प्रश्न पूर्वी एखाद्या सार्जंटच्या अर्जापुरता होता, तो आता धोरणाचा झाला आहे.

कुटुंबे आली कशी

मुळात ही कुटुंबे परदेशात असणे हे काही अनादि काळापासून चालत आलेले नाही. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीत ताबा ठेवण्यासाठी थांबलेले लाखो अमेरिकी सैनिक घरी जाण्यासाठी अधीर झाले होते. शिस्त ढासळत होती. तेव्हा त्यांच्या बायकामुलांनाच तिकडे न्यायचे ठरले. एप्रिल १९४६ मध्ये पहिली कुटुंबे जहाजाने ब्रेमरहाफेन बंदरात उतरली. त्याच वर्षी शरद ऋतूत त्यांच्या मुलांसाठी अमेरिकी शाळा सुरू झाल्या. उद्ध्वस्त देशात या कुटुंबांसाठी घरे रिकामी करून घेण्यात आली, ही त्या इतिहासाची दुसरी बाजू. आमच्या गावातल्या वयस्क माणसांच्या बोलण्यात ती अजून कधीमधी येते.

पुढे चौदा वर्षांनी सरकारचे मत अगदी उलट झाले. परदेशात अमेरिकी कुटुंबे जर्मन, जपानी दुकानांत डॉलर खर्च करतात, ते डॉलर सोन्याच्या रूपाने परत मागितले जातात आणि अमेरिकेचा सोन्याचा साठा घटतो, अशी चिंता होती. नोव्हेंबर १९६० मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी परदेशातल्या लष्करी कुटुंबांची संख्या मोठ्या प्रमाणावर घटवण्याचा आदेश काढला. सैन्यात नाराजी पसरली. केनेडी अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १९६१ मध्ये त्यांनी तो फिरवला. खर्च कमी करायचाच, पण कुटुंबे तोडून नको, अशी भूमिका घेतली. त्याच वर्षी बर्लिनचा पेच उद्भवल्यावर युरोपात नवी कुटुंबे नेणे काही काळ थांबवण्यात आले. कुटुंब हे कधी मनोधैर्याचे साधन, कधी खर्चाची बाब, तर कधी युद्धप्रसंगी काळजीचे कारण. गेली ऐंशी वर्षे हे पारडे असे वरखाली होत आले आहे.

१९७३ मध्ये सक्तीची भरती संपली आणि अमेरिकी सैन्याचे स्वरूपच बदलले. पूर्वीचा सक्तीने आलेला पोरगा बहुधा अविवाहित असे आणि दोन वर्षांनी घरी जाई. आता नोकरी म्हणून आलेला सैनिक लग्न करून, मुले वाढवून वीस वर्षे राहू लागला. भरती शिपायाची होते, पण तो टिकायचा असेल तर कुटुंब टिकवावे लागते, असे तिथले अधिकारी म्हणू लागले ते याच काळानंतर.

सवलतींची यादी

मुक्काम वाढवणाऱ्यांसाठी आज काय आहे? ठळक योजना दोन.

पहिली मुदतवाढीची. जवान किंवा सार्जंट दर्जाच्या सैनिकाने ठरलेली टूर संपल्यावर किमान १२ महिने अधिक राहण्याचे मान्य केले, आणि त्याच्या कामाच्या शाखेला ही योजना लागू असली, तर त्याला काही पर्यायांतून एक निवडता येतो. महिन्याला ८० डॉलरपर्यंत जादा वेतन किंवा एकरकमी २,००० डॉलर. नाहीतर हक्काच्या रजेतून न कापली जाणारी ३० दिवसांची रजा. किंवा १५ दिवसांची रजा आणि मायदेशी जाण्यायेण्याचे भाडे. अधिकाऱ्यांना ही योजना नाही.

दुसरी योजना आहे त्याच ठिकाणी दुसरी पूर्ण टूर करण्याची. जर्मनीतली ३६ महिन्यांची टूर संपवून तिथेच आणखी ३६ महिने राहण्याची तयारी दाखवली, तर मधल्या काळात रजेवर मायदेशी जाऊन येण्याचा कुटुंबाचा प्रवासखर्च सरकार देते. कोरियासाठी याशिवाय वेगळा भत्ता आहे. तिथे मुदत वाढवणाऱ्याला महिन्याला ३०० डॉलर देण्याची पद्धत या शतकाच्या सुरुवातीच्या दशकात सुरू झाली.

या यादीत पैसा आहे, रजा आहे, तिकीट आहे. तिच्यात शाळा नाही, जोडीदाराची नोकरी नाही, मायदेशातले म्हातारे आईवडील नाहीत. शिवाय पहिल्या योजनेचे एकक आहे १२ महिने. याच बारा महिन्यांपाशी बहुतेक घरांचे गणित कसे अडते, ते मी शेजारच्या घरात पाहिले.

शेजारच्या घरातला प्रश्न

सध्याचे शेजारी हवाई दलातले आहेत. नवरा सार्जंट, बायको नर्स, दोन मुले. ते आले तेव्हा मोठी मुलगी आठवीत जाणार होती. तीन वर्षे म्हणजे आठवी, नववी, दहावी. अमेरिकी पद्धतीत नववी ते बारावी हे एक सलग प्रकरण असते. चार वर्षांचे गुण, खेळातला संघ, शिक्षकांची शिफारसपत्रे हे सगळे मिळून कॉलेजचा प्रवेश ठरतो. तिसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात त्यांच्या घरी हिशेब सुरू झाला. ठरल्याप्रमाणे गेले, तर मुलगी अकरावीला नव्या शाळेत. बारा महिने वाढवून घेतले, तर अकरावी इथे आणि बारावी नव्या शाळेत; म्हणजे सर्वांत वाईट. चोवीस महिने मिळाले, तर बारावी इथेच पूर्ण. आणि दुसरी पूर्ण टूर घेतली, तर बारावीनंतर आणखी एक वर्ष सगळे इथे आणि मुलगी अमेरिकेत एकटी.

शेजारीण मला म्हणाली, "दोन हजार डॉलर देतात ते बाराच महिन्यांचे. आणि बारा महिने म्हणजे नेमके जे मला नको आहे तेच."

या प्रश्नाकडे लष्कराचे अजिबात लक्ष नाही, असे नाही. मूल बारावीच्या वर्गात असेल, तर ते वर्ष संपेपर्यंत पालकाची बदली लांबवण्याची मागणी करता येते. अशी सोय तिन्ही दलांत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आहे. मायदेशातल्या राज्याराज्यांतील शाळांमध्ये प्रवेश, श्रेयांक आणि उत्तीर्ण होण्याच्या अटी यांवरून लष्करी मुलांचे नुकसान होऊ नये, म्हणून २००८ मध्ये एक आंतरराज्य करार तयार झाला. पुढच्या सहा वर्षांत सर्व ५० राज्ये त्यात सामील झाली. परदेशी तळांवर संरक्षण खात्याच्या स्वतःच्या शाळा आहेत आणि त्यांचा लौकिक चांगला आहे. तरीही लष्करी मूल पहिलीपासून बारावीपर्यंत सहा ते नऊ वेळा शाळा बदलते, असे सांगितले जाते. माझ्या सात शाळा या मापात नेमक्या बसतात.

माझ्या दहावीच्या वर्षी वडिलांची बदली फील्डवर झाली. आपल्याकडे 'फील्ड' आणि 'पीस' अशी पोस्टिंगची आळीपाळी असते. फील्डवर कुटुंब नेता येत नाही. मुलीची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत क्वार्टर ठेवू द्यावे, असा अर्ज वडिलांनी केला. उत्तर येईना. आईने सामान अर्धे बांधून ठेवले होते. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत मी ट्रंकेवर पुस्तके ठेवून अभ्यास केला, कारण टेबल गावी पाठवले होते. जानेवारीच्या शेवटी परवानगी आली. ती मिळाली याचे ऋण आहेच. पण पाच महिन्यांची ती टांगणी आईच्या बोलण्यात अजून येते. केंद्रीय विद्यालये बदलीच्या नोकरदारांच्या मुलांसाठी १९६३ मध्ये सुरू झाली, म्हणून अभ्यासक्रम तरी सगळीकडे एक राहिला. नाहीतर माझे काय झाले असते, सांगता येत नाही.

कोरियातला मोठा प्रयोग

कुटुंबांना लांब मुक्कामाला नेण्याचा सर्वांत मोठा आधुनिक प्रयत्न दक्षिण कोरियात झाला. तिथे १९५३ च्या शस्त्रसंधीनंतर बहुतेक सैनिक वर्षभरासाठी एकटेच जात. दरवर्षी जवळजवळ सगळे सैन्य बदलणार, म्हणजे कोरियन भाषा, भूगोल, सहकारी यांची ओळख होईतो माणूस परत. डिसेंबर २००८ मध्ये संरक्षण खात्याने तिथल्या बहुतेक ठिकाणी कुटुंबासह टूर तीन वर्षांची केली. पुढे जवळजवळ सर्वांनाच कुटुंब नेता यावे आणि कुटुंबांची संख्या १४ हजारांच्या घरात जावी, असा बेत होता. युरोपात आहे तेच कोरियात 'सामान्य' व्हावे, हा त्यामागचा विचार.

मग हिशेब मांडला गेला. अमेरिकी संसदेसाठी सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या कार्यालयाने मे २०११ मध्ये अहवाल दिला. घरे, शाळा, दवाखाने आणि भत्ते धरून २०२० पर्यंत सुमारे ५ अब्ज आणि २०५० पर्यंत २२ अब्ज डॉलर किंवा त्याहून अधिक खर्च येईल. शिवाय फायद्यातोट्याचा पुरता अभ्यासच झालेला नाही, असे त्यात म्हटले. संसदेने हात आखडता घेतला आणि बेत बारगळला. त्यानंतर भूदलाने उलटी वाट धरली. २०१५ पासून कोरियात पूर्ण ब्रिगेड नऊ महिन्यांसाठी पाठवायची, कुटुंबे अमेरिकेतच, नऊ महिन्यांनी दुसरी ब्रिगेड. २०१७ पासून पोलंडमध्येही हीच पद्धत आली. यात शाळा आणि घरे बांधावी लागत नाहीत. पण रणगाड्यांसह सगळे सामान वर्षातून एकदोनदा समुद्र ओलांडते. ही फिरती पद्धत कायमच्या तळापेक्षा स्वस्त पडत नाही, असा युक्तिवाद तिथल्या आर्मी वॉर कॉलेजचे जॉन डेनी यांनी २०१७ मध्ये केला. आणि नऊ महिने मागे राहिलेल्या घराने जे सोसायचे, ते कोणत्याही ताळेबंदात धरलेले नसते.

कोरियाचा धडा मला असा दिसतो : लांब मुक्काम हुकमाने होत नाही, शाळा, दवाखाना आणि घर आधी लागते. आणि ते उभारण्याइतका धीर अंदाजपत्रकाला असतोच असे नाही.

पत्नीची नोकरी

२०२१ च्या सरकारी पाहणीत लष्करी जोडीदारांमधल्या बेकारीचे प्रमाण २१ टक्के होते. देशातल्या सर्वसाधारण बेकारीच्या कितीतरी पट. परदेशात हा प्रश्न अधिक बिकट. माझी शेजारीण दहा वर्षे अनुभव असलेली नर्स. जर्मनीत नर्सेस कमी आहेत. आमच्या गावाजवळच्या रुग्णालयातही जागा असतात. पण तिथे काम करायचे तर जर्मन भाषेची बी-दोन पातळी आणि पदवीला मान्यता लागते. त्याला दीड-दोन वर्षे जातात. तीन वर्षांसाठी आलेली बाई त्या वाटेला जात नाही. तळावरच्या रुग्णालयात जोडीदारांना प्राधान्य असते, पण जागा मोजक्या आणि रांग लांब. अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीचे काम घरबसल्या करावे, तर जर्मन कर आणि कामगार कायद्याच्या धास्तीने बऱ्याच कंपन्या नको म्हणतात. ती सध्या तळावरच्या शाळेत बदली शिक्षिका म्हणून जाते.

माझ्या आईने डी.एड. केले होते. जबलपूरला एका शाळेत पावणेदोन वर्षे, जालंधरला आठ महिने. बाकी सगळे घर. तिच्या प्रमाणपत्राला वडिलांनी काच लावून घेतली होती, पण क्वार्टरच्या भिंतीला खिळा मारला तर सोडताना 'बॅरक डॅमेज'चे पैसे कापतात, म्हणून ते ट्रंकेतच राहिले.

इथे मुदतवाढीचा खरा फायदा दिसतो. पाच वर्षे राहायचे आधी ठाऊक असेल, तर भाषा शिकणे, परवाना मिळवणे परवडते. तीन अधिक एक अधिक एक अशी पाच वर्षे मात्र कुणालाच उपयोगी पडत नाहीत. एकूण काळ तेवढाच. पण पहिल्यात आखणी करता येते, दुसऱ्यात फक्त वाट पाहता येते.

'केवळ' या शब्दाची अडचण

समजा एखादे कुटुंब खरोखरच रमले. मुले जर्मन शाळेत घातली, घर विकत घेतले, दोनदा मुदत वाढवून घेतली. लष्कराला हवे तेच झाले. पण इथे दुसरा एक कागद आडवा येतो.

नाटो देशांनी १९५१ मध्ये परस्परांच्या सैन्याच्या दर्जाविषयी करार केला. त्याच्या दहाव्या कलमानुसार, परदेशी सैनिक जेवढा काळ 'केवळ' सैन्यात असल्याच्या कारणाने त्या देशात आहे, तेवढा काळ तो करासाठी तिथला रहिवासी मानला जात नाही. त्याच्या लष्करी पगारावर यजमान देश कर घेत नाही. सगळी गोम 'केवळ' या शब्दात आहे. गेल्या काही वर्षांत इथल्या काही कर कार्यालयांनी असा अर्थ लावला, की ज्याचा मायदेशी परतण्याचा इरादा दिसत नाही, तो 'केवळ' नोकरीसाठी इथे नाही. इरादा कशावरून ठरवायचा? जर्मन जोडीदार, स्वतःचे घर, जर्मन शाळेतली मुले आणि वाढवून घेतलेली मुदत यांवरून. अशा काही कुटुंबांना मागच्या अनेक वर्षांच्या कराच्या मोठ्या रकमांच्या नोटिसा आल्या. 'स्टार्स अँड स्ट्राइप्स' या लष्करी वृत्तपत्राने ही प्रकरणे लावून धरली. अमेरिकी बाजूचे म्हणणे, की असा कर लावणे कराराशी विसंगत आहे. जर्मन अधिकाऱ्यांचे म्हणणे, की कायद्यातला शब्द आम्ही लिहिलेला नाही, आम्ही तो वाचतो.

दोन्ही बाजू ऐकल्यावर मला कुणा एकाला दोषी ठरवता येत नाही. पण परिणाम विचित्र आहे. एक सरकार मुदत वाढवण्यासाठी दोन हजार डॉलर देते, आणि तीच मुदतवाढ दुसऱ्या सरकारच्या टेबलावर संशयाचा पुरावा ठरते. आमच्या घरमालक शेजाऱ्याने या कुटुंबाला घर विकत देऊ केले होते. त्यांनी नाही म्हटले. पैशांची अडचण नव्हती. "आम्हाला इथे राहायचे आहे," सार्जंट म्हणाला, "पण राहायचे आहे असे दिसायला नको."

दुसरी बाजू

मुक्काम वाढवण्याविरुद्धचे आक्षेपही समजून घ्यायला हवेत. एकाच जागी मुळे धरून बसलेल्याची बढती मागे पडते, कारण वेगवेगळ्या जागी केलेल्या कामाला तिथे मोल आहे. चांगल्या जागा अडल्या तर अन्याय होतो. जर्मनीत एक कुटुंब सहा वर्षे राहिले, तर दुसऱ्या कुणाला ओसाड, कुटुंब नेता न येणाऱ्या जागी लागोपाठ जावे लागते. आणि सगळ्याच कुटुंबांना राहायचे असते असेही नाही. आमच्या शेजारच्या दुसऱ्या कुटुंबातल्या आजोबांना स्मृतिभ्रंश झाला होता. त्या बाईला एकेक दिवस जड जात होता. मायदेशापासून नऊ तासांच्या विमानप्रवासावर असलेल्या माणसाला मुदतवाढीचे कोणतेही बक्षीस पुरेसे नसते.

म्हणून सगळ्यांचीच टूर सरसकट पाच वर्षांची करणे हा उपाय मला पटत नाही. कोरियात तसे योजून पाहिले गेले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे तीन गोष्टींनी अधिक फरक पडेल. एक, मुदतवाढ बारा महिन्यांच्या ठोकळ्यात न मोजता शाळेच्या टप्प्यांनी मोजावी. बारावीच्या एका वर्षाला आज जे संरक्षण आहे, ते नववीपासून मागता यावे. दोन, निर्णय लवकर कळवावा. मुदत संपण्याच्या दीड वर्ष आधी हो किंवा नाही कळले, तर 'नाही'सुद्धा उपयोगाचे असते. जोडीदाराला नोकरी शोधता येते, मुलाला शाळा. याला पैसे जवळजवळ लागत नाहीत. तीन, ज्या देशात राहायला सांगायचे, त्या देशाशी आधी बोलून 'केवळ'चा अर्थ लेखी ठरवून घ्यावा. लष्कराच्याच सोयीसाठी वाढवलेली मुदत सैनिकाच्या विरुद्ध पुरावा धरली जाणार नाही, एवढे एक वाक्य पुरेल.

शेजाऱ्यांचा चोवीस महिन्यांचा अर्ज नोव्हेंबरमध्ये गेला होता. उत्तर एप्रिलमध्ये आले : मंजूर. दरम्यान बाईने अमेरिकेतल्या एका रुग्णालयाला होकार कळवला होता, तो मागे घ्यावा लागला. तिचे दुःख तिने लपवले नाही. मुलगी मात्र त्या संध्याकाळी हातोडी मागायला आमच्याकडे आली. तीन वर्षे तिच्या खोलीच्या भिंतीवर काही लावले नव्हते. सोडताना भिंत रंगवून द्यावी लागते म्हणून. आता दोन वर्षे आहेत, तर एक फळी लावायची म्हणत होती.

मी आईला फोनवर हे सांगितले. ती सातारला असते, बहात्तर वर्षांची आहे. तिने विचारले, "पाच महिने लावले होय उत्तराला? तिथेही?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्या बाईला सांग, भाषेचा क्लास आत्ताच लाव. दोन वर्षे म्हणजे पुष्कळ असतात."